घर बघ पावसात, कागद बघ उजेडात

बाळ, नोकरी पुण्याची आणि राहणं सांगलीत, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सूनबाईने तर मोबाईलवर फ्लॅट बघायला सुरुवातही केली म्हणे. बघू दे. पण मोबाईलमधली सांगली बारा महिने कोरडी असते, एवढं तिला माझ्याकडून सांग.

आपल्याकडचा घरांचा बाजार ओळखीवर चालतो. ‘आपलाच माणूस आहे’, ‘त्यांच्या वडिलांना आम्ही ओळखतो’, ‘घरातल्या घरात कागद कसले बघायचे’, ही वाक्यं तुला पहिल्या आठवड्यातच ऐकू येतील. बोलणारी माणसं मनापासून बोलतात, खोटी नसतात. तरी ओळखीने घर दाखवावं आणि कागदाने घर द्यावं, ही वाटणी मोडली की पुढे भावाभावांत आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कोर्ट उभं राहतं. म्हणून हे लिहून देते. एका बैठकीत वाचू नकोस, घर बघायला निघताना दोन-चार मुद्दे वाचून निघ.

१. ज्या भागात घर घ्यायचं, त्याच भागात आधी एक पावसाळा भाड्याने राहा – नळाला पाणी किती वाजता येतं, शाळेची रिक्षा दारापर्यंत येते का, रात्री गल्लीत दिवे असतात का, हे घरमालक सांगत नाही, मुक्काम सांगतो.

२. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवून घे – १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालक ‘कशाला उगाच खर्च’ म्हणाले तर निम्मा खर्च तू उचल, वाद घालू नकोस.

३. ‘पुण्याच्या मानाने स्वस्त आहे’ हे वाक्य इथे उच्चारायचं नाही, मनातसुद्धा नाही – एजंटाच्या कानावर गेलं की भाव तिथल्या तिथे चढतो. आणि उद्या तुला विकायची वेळ आली तर समोरचं गिऱ्हाईक सांगलीतच कमावणारं असणार.

४. इथले भाव नोकरदारांच्या पगारावर ठरत नाहीत, हे लक्षात घे – हळदीचा, बेदाण्याचा, उसाचा पैसा प्लॉटमध्ये येऊन बसतो. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशभर सोन्या-चांदीच्या धंद्यात असतात आणि घर मात्र आपल्या मुलखात बांधतात. अशा मालकांना विकायची घाई नसते. गिऱ्हाईक नसलं तरी ते भाव उतरवत नाहीत, प्लॉटवर गवत वाढू देतात. तेव्हा पडेल म्हणून थांबू नकोस आणि चढेल म्हणून धावू नकोस.

५. घर राहायला घे – लहान शहरात घेणारा चटकन भेटतो असं घेताना वाटतं, पण विकायला काढलेलं घर महिनोन्‌महिने तसंच राहतं.

६. भाड्याने देण्यासाठीच दुसरं घर घ्यायचा विचार असेल, तर भाडेकरू कोण येणार ते आधी ठरव – विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांची मुलं येतात, मिरजेत दवाखान्यांमुळे डॉक्टर-नर्सेस आणि पेशंटचे नातेवाईक, कुपवाडला औद्योगिक वसाहतीतले कामगार. तिघांना लागणारं घर वेगवेगळं असतं.

आता पाण्याचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे आणि तू कंटाळायचं नाहीस. सांगलीत घर घेणाऱ्याने भिंतीचा रंग शेवटी बघावा, पाणी पहिल्यांदा.

७. प्रत्येक घराबाबत एकच प्रश्न आधी विचार, ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ – आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ लाही ते पन्नास फुटांच्या वर होतं. म्हणजे सोळा-सतरा वर्षांत तीन मोठे पूर, आणि तुझं कर्ज वीस वर्षांचं.

८. हा प्रश्न मालकाला एकदा विचार आणि त्याच गल्लीतल्या किराणा दुकानदाराला एकदा विचार – दुकानदाराचा माल भिजलेला असतो, त्यामुळे त्याला पायरीपर्यंतची उंची तोंडपाठ असते. पाण्याला पत्ता माहीत असतो, ते दर वेळी त्याच घरांना आधी भेटतं.

९. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड ही नावं आधी ऐकून घे – नदी चढायला लागली की इथली माणसं सगळ्यांत आधी सामान हलवतात. मारुती चौक, टिळक चौकासारख्या जुन्या पेठेतही मोठ्या पुरात होड्या फिरलेल्या आहेत. इथे घर घेऊच नये असं मी म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे आनंदाने राहतात. पण तळमजला कशासाठी वापरायचा आणि चार दिवस कुणाकडे जायचं, हे ठरवून घ्यावं.

१०. नदी लांब आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस – पुढे हरिपुराला वारणा येऊन मिळते. ती तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, त्याला फूग येते आणि ते ओढ्या-नाल्यांतून उलटं शहरात शिरतं. म्हणून घरामागे ओढा आहे का, होता का आणि बुजवला का, हे तिन्ही विचार.

११. जलसंपदा विभागाची पूररेषा महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून घे – निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते आणि दोन रेषांच्या मधे अटी असतात. सर्व्हे नंबर लिहून ने, ‘त्या देवळाच्या मागे’ असं सांगून तिथे कुणाला काही सापडत नाही.

१२. पुराचं पाणी वेगळं आणि साचलेलं पाणी वेगळं – शामरावनगरासारख्या सखल भागात नदी पात्रात असतानाही पावसाचं पाणी प्लॉटवर उभं राहतं, कारण खाली काळी माती आहे आणि पाण्याला वाट नाही. पूर चार-सहा दिवसांनी ओसरतो, साचलेलं पाणी दिवाळीपर्यंत डास पोसतं.

१३. बांधकाम चालू असेल तर पाया कशावर आहे ते विचार – काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची भिंतही तिच्याबरोबर हलते. पाया मुरुमापर्यंत नेलाय की खाली पाईल घेतलेत, याचं उत्तर इंजिनिअरने सरळ द्यावं. काळी माती पिकाला गोड, भिंतीला जड.

१४. तयार घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दिसली तर तिच्यावर बोट ठेवून फोटो काढ आणि ओळखीच्या इंजिनिअरला पाठव – गिलाव्याची भेग केसासारखी बारीक असते. जिच्यात नख जातं ती बहुधा पायाकडून आलेली असते.

१५. रस्त्यापासून जोतं किती उंच आहे ते मोज – महापालिका दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकते, रस्ता वर येतो आणि घर खाली जातं.

१६. अपार्टमेंट असेल तर विजेचे मीटर, पाण्याची मोटर आणि लिफ्टचा खड्डा कुठे आहेत ते बघ – तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर कोरडा राहील, पण मीटर पार्किंगात बुडाले तर दिवे कुणाच्याच घरात नसतील.

१७. घर दोनदा बघ, एकदा भर दुपारी आणि एकदा मुसळधार पावसात – दुपारी ऊन कळतं, पावसात छत कळतं. श्रावणात घराला नुकताच रंग दिलेला दिसला तर भिंतीला तळहात लावून बघ.

१८. घराचा विमा स्वतंत्र काढ – बँक कर्जासोबत गळ्यात घालते तो बहुतेक वेळा तुझ्या आयुष्याचा विमा असतो, भिंतींचा नव्हे. ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी २०२१ पासून घराचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्या देतात, तिच्यात आगीबरोबर पूरही येतो.

झालं पाण्याचं. आता कागद. कागद मागताना तुझा चेहरा पडतो, हे मला ठाऊक आहे, लहानपणी वाण्याकडून सुटे पैसे परत मागतानाही पडायचा. मागण्यात अपमान कुणाचाच नाही. सरळ माणूस आधीच फाईल काढून ठेवतो.

१९. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जे त्या जागेला लागू असेल ते, स्वतः काढ – मालकाने दिलेली झेरॉक्स उतारा काढला त्या दिवसाची असते, बोजा त्यानंतरही चढू शकतो. सहीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा काढ.

२०. सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव सगळेच वाचतात, तू ‘इतर हक्क’ हा रकाना वाच – बँकेचा बोजा, कूळ, वारसाची नोंद, कोर्टातला दावा, सगळं तिथेच बारीक अक्षरात बसलेलं असतं.

२१. भोगवटादार वर्ग १ आहे की २, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलू नकोस – वर्ग २ म्हणजे नवी शर्त, वतन, सरकारने दिलेली जमीन असं काहीतरी. ती विकायला सरकारी परवानगी लागते आणि त्या परवानगीवाचून केलेला व्यवहार टिकत नाही.

२२. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा दाखला माग, नुसती पावती पुरत नाही – आपल्याकडे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून अख्ख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पैसे भरून अर्ज केला म्हणजे नियमित झालं असं नव्हे, आदेश हातात यावा लागतो. हजारो कष्टाळू कुटुंबांनी या प्लॉटांवर पोटाला चिमटा काढून घरं बांधलीत, त्यांना कमी लेखू नकोस. तू मात्र दाखला बघूनच घे.

२३. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा आकडा पाठ कर – ‘गुंठाभर आहे’ म्हणून दाखवलेला प्लॉट रस्ता सोडल्यावर कितीचा उरतो, ते तिथल्या तिथे काढता येतं.

२४. घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणून मालक मानू नकोस – घरपट्टी म्हणजे महापालिकेला दिलेला कर, तिने मालकी सिद्ध होत नाही. थकबाकी किती ते मात्र त्याच पावतीवरून कळतं.

२५. वडिलोपार्जित घर असेल तर मालकाच्या बहिणी किती, हे प्रेमाने विचार आणि सगळ्यांच्या सह्या घे – २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं. ‘ताई काही म्हणायची नाही, तिला तिकडे भरपूर आहे’ असं भाऊ सांगतील. ताई काही नाही म्हणाली तरी उद्या भाचे म्हणतील. शिवाय कायद्याचं राहू दे बाजूला, तिच्या माहेरचं घर विकलं जातंय ते तिला कळायला नको का? बहिणीची सही राहिली की घराची झोप गेली.

२६. हक्कसोडपत्र दाखवलं तर ते नोंदणी केलेलं आहे ना ते बघ – साध्या स्टँपपेपरवर लिहून दिलेलं ‘माझा काही हक्क नाही’ कोर्टात उभं राहत नाही.

२७. कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार चालला असेल तर मूळ मालकाशी बोलून घे, परदेशात असले तर व्हिडिओवर बोल – मालक वारले की साधं मुखत्यारपत्र संपतं. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.

२८. वकील तू नेम आणि फी तू दे – बिल्डरच्या वकिलाला बिल्डरची काळजी असते, त्यात त्याची चूक काही नाही. मागच्या तीस वर्षांचा शोध घेऊन लेखी सर्च रिपोर्ट माग.

२९. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लाजू नकोस – कुणाचा हक्क असेल तर तो सहीच्या आधी पुढे येतो. मालकाला आधी सांगून दे, म्हणजे सकाळी पेपर उघडल्यावर त्यांना धक्का बसणार नाही.

३०. मोकळा प्लॉट असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घे आणि शेजाऱ्यांना त्या दिवशी चहाला बोलाव – हद्दीचे दगड सगळ्यांच्या देखत बसले की कुंपणाचं भांडण जन्मालाच येत नाही.

३१. मंजूर नकाशा हातात धरून घरात फिर – वाढवलेली बाल्कनी, पार्किंगमध्ये घातलेली खोली, गच्चीवरचं शेड यांचे पैसे तुझ्याकडून घेतले जातात, पण नकाशात नाही ती खोली विकताना मोजली जात नाही.

३२. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या फ्लॅटची किल्ली घेऊ नकोस – ते नसताना पूजा घालून राहायला गेलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं पाणी-विजेच्या जोडणीसाठी आणि घर विकताना अडतात.

नव्या अपार्टमेंटचं थोडं वेगळं आहे.

३३. महारेराचा नंबर माग आणि संकेतस्थळावर टाकून बघ – १ मे २०१७ पासून रेरा कायदा महाराष्ट्रात लागू आहे. ताबा कधी देणार, किती फ्लॅट विकले गेले, जागेवर कर्ज आहे का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

३४. आपल्यासारख्या शहरातली खरी गोम पुढे आहे – ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत फ्लॅटच्या इमारतीला महारेराच्या नोंदणीची सक्ती नाही, आणि इथल्या गल्लीबोळांतल्या कितीतरी इमारती नेमक्या तेवढ्याच असतात. नंबर नाही म्हणजे बिल्डर वाईट असं धरू नकोस, चांगली कामं करणारे कितीतरी आहेत. पण अशा ठिकाणी तुझं रक्षण फक्त नोंदवलेला करार, तुझा वकील आणि त्याच बिल्डरने दहा वर्षांपूर्वी बांधलेली इमारत करणार. त्या जुन्या इमारतीत जा, जिन्यात ओल आहे का बघ, वर राहणाऱ्या काकूंशी बोल.

३५. महारेराच्या प्रकल्पात करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त देऊ नकोस – कायद्यानेच त्याहून जास्त घेता येत नाही.

३६. भाव कार्पेटवर बोल – बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट आणि भिंतीही मोजलेल्या असतात. चटई अंथरता येते तेवढीच जागा तुझी.

३७. बांधकाम चालू असताना घेतलंस तर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलंस तर लागत नाही – साधारण घराला ५ टक्के. आपल्यासारख्या शहरात ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्काच. पाच टक्के मागितले तर विचार.

३८. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो – म्हणून गळती दिसली की फोटो काढून लेखी कळव, फोनवर गोड बोलून सोडू नकोस.

३९. सोसायटी होणार की अपार्टमेंटची घोषणा, आणि जमीन तुमच्या सगळ्यांच्या नावावर कधी होणार, हे करारातच लिहून घे – अभिहस्तांतरण राहिलेल्या इमारतींना पुढे पुनर्बांधणीच्या वेळी कळतं की जमीन अजून दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर आहे.

पैशाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं तू म्हणशील. कळत असेल. तरीही वाच.

४०. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के – पण देते म्हणून घ्यायचं नसतं. एकाच्या पगारात हप्ता आणि किराणा दोन्ही बसले पाहिजेत, दुसरा पगार बाळंतपणाला, आजारपणाला आणि नोकरी बदलायला ठेवा.

४१. कर्जाची मुदत पाच वर्षं कमी करता येते का बघ – ३० लाखांवर ८.५ टक्के दर धरला तर वीस वर्षांचा हप्ता साधारण २६,००० येतो आणि व्याजच ३२ लाखांच्या वर जातं. पंधरा वर्षांचा हप्ता साधारण २९,५०० आणि व्याज २३ लाखांच्या आसपास. महिन्याला साडेतीन हजार म्हणजे शेवटी नऊ लाख. फिरत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो, म्हणून बोनस आला की आधी तिकडे टाक.

४२. वरचा खर्च आधीच बाजूला काढ – महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे. सूनबाईच्या नावावर घे, एवढंच मी म्हणेन, आणि हे मी सूट नसती तरी म्हटलं असतं.

४३. रेडी रेकनरचा दर आधी काढ – ठरलेली किंमत त्याहून कमी असली तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या किमतीवर भरावं लागतं.

४४. ‘थोडं पांढरं, थोडं काळं’ म्हणाले तर हात जोडून उठ – घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख चालत नाही, रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि व्यवहार फिसकटला तर रोख दिलेलं सिद्ध कसं करणार? रोख दिलं ते मुकं दिलं.

४५. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस तू कापून भरायचा असतो – विसरलास तर नोटीस तुला येते, विकणाऱ्याला नाही.

४६. विसार थोडा दे, चेकने दे आणि विसारपत्रात ‘कागद सदोष निघाले तर पूर्ण रक्कम परत’ हे वाक्य घाल – मन बसलं की माणूस दुसऱ्या दिवशीच मोठा विसार देऊन मोकळा होतो आणि मग कागद बघायला त्याचं मनच तयार नसतं.

४७. साठेखत म्हणजे विकण्याचं वचन, खरेदीखत म्हणजे विक्री – साठेखतावर वर्षानुवर्षं राहणारी घरं गावात पुष्कळ आहेत. तू तसा राहू नकोस, खरेदीखताची तारीख साठेखतातच लिही.

माणसांशी वागायचं थोडं सांगते.

४८. एजंटाची दलाली आधी ठरव, लेखी ठरव आणि काम झालं की त्याच दिवशी दे – या गावात त्याच्याशी तुझी गाठ पुन्हा पडणार आहे, भाजी मंडईत तरी.

४९. पितृपक्षात घरं बघत जा – त्या पंधरवड्यात कुणी व्यवहार करत नाही, त्यामुळे मालकाला सवड असते आणि समोर दुसरं गिऱ्हाईक नसतं. बोलणी तेव्हा कर, सही दसऱ्याला कर. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात भाव बोलायला जाऊ नकोस.

५०. जुनं घर विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी भाव करताना घराला नावं ठेवू नकोस – त्या मोरीत त्यांची मुलं न्हायलेली असतात. ‘घर छान आहे, माझं बजेट इतकं आहे’ एवढंच म्हण. घर चांगल्या माणसाला जावं म्हणून भाव सोडणारी माणसं अजून या गावात आहेत.

५१. वास्तुशास्त्र मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दक्षिणमुखी घराचा भाव कमी करून माग – घेताना तुला चालेल, विकताना पुढच्याला चालेलच असं नाही.

५२. सही करण्याआधी शेजारच्या दोन घरी जाऊन ओळख करून घे – मालक गावाला जातात, शेजारी राहतात.

आणि घर झाल्यावर लगेच दमून बसायचं नाही.

५३. खरेदीखतानंतर प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर, घरपट्टीवर, पाण्याच्या जोडणीवर आणि महावितरणच्या बिलावर नाव लावून घे – चार कार्यालयं आहेत, चारही स्वतः फिर. नोंद झाल्याचा उतारा हातात येईपर्यंत ‘होईल हो साहेब’ यावर समाधान मानू नकोस.

५४. सगळ्या कागदांचे दोन संच कर, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक वरच्या मजल्यावर – सांगलीत खालच्या कपाटात कागद ठेवू नयेत.

५५. कर्ज फिटलं की मूळ कागद परत घे आणि बोजा कमी करून घे – रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत कागद परत करायचे असतात, उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. मात्र प्रॉपर्टी कार्डावरचा किंवा सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की नाही, ते तुझं तुलाच बघावं लागेल. तिथे अर्ज कर आणि नवा उतारा काढून माझ्याकडे घेऊन ये, मी चष्मा लावून वाचून बघते.